तारप्याकडे पाठ करायची नाही

संजाण स्टेशनावर उतरा. साल १९४४, कार्तिकातली संध्याकाळ. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची पॅसेंजर तुम्हाला फलाटावर सोडून सुरतेकडे निघून जाते. स्टेशनाबाहेर गवताच्या गंज्या लागलेल्या आहेत, दोन पुरुष उंच. हे गवत वॅगनींत भरून मुंबईला जाणार, तबेल्यांतल्या म्हशींसाठी आणि व्हिक्टोरियाच्या घोड्यांसाठी. ज्या वारल्यांनी ते कापलं त्यांच्या पाड्यावर तुम्हाला जायचं आहे, पूर्वेला, तलासरीच्या अंगाला, झरीच्या वाटेने. डोक्यातला आजचा नकाशा मात्र काढून ठेवा. पालघर जिल्हा व्हायला अजून सत्तर वर्षं आहेत. गुजरातची हद्द अजून आखायची आहे. तलासरी हा तालुकाही नाही, हा सगळा ठाणे जिल्ह्यातला उंबरगाव तालुका.

बैलगाडीच्या चाकोरीतून चालत राहा. भात कापून झालेलं आहे, पायाखाली धसकटं टोचतात. कुठे दिवा दिसत नाही. ताडांचे शेंडे आभाळावर काळे उमटलेले दिसतात तेवढेच. तासाभराने एक आवाज ऐकू येतो. आधी वाटतं, वारा असेल. मग लक्षात येतं की वारा कमीजास्त होतो, हा होत नाही. जाड, नाकातून निघाल्यासारखा, कुठेही न तुटणारा स्वर. त्याच्या पोटात दुसरा एक स्वर फिरतो आहे, तीच चार-पाच वळणं पुन्हा पुन्हा घेत. तुमची पावलं तुमच्या नकळत त्याच्या लयीत पडू लागतात.

पाड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत पोचलात की तारपकरी, म्हणजे तारपा वाजवणारा, दिसेल. त्याच्या जवळ जाऊन ते वाद्य नीट बघा. वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्याच्या देठाकडच्या भोकातून तो फुंकतो आहे. भोपळ्याच्या दुसऱ्या टोकाला बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवलेल्या. सांधे मधमाश्यांच्या मेणाने बुजवलेले. नळ्यांच्या पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळत नेलेला लांब कर्णा, तोंडाशी रुंद झालेला. बाजारातून आणावं असं त्यात जवळजवळ काही नाही. आता त्याच्या गालांकडे बघा. गालात साठवलेला वारा भोपळ्यात ढकलतानाच तो नाकाने नवा श्वास ओढून घेतो, म्हणून स्वर तुटत नाही. डोळे अर्धे मिटलेले, मानेच्या शिरा ताठ. रात्रभर हे चालायचं आहे.

त्याच्याभोवती साखळी फिरते आहे. पोरं आणि पोरी, एकमेकांच्या कमरेमागे हात गुंफलेले. सर्वांत पुढच्याच्या हातात घुंगरं बांधलेली काठी आहे. ती जमिनीवर आपटून तो पाय बदलायची खूण देतो. तारपकरी चाळा बदलतो, म्हणजे ती वळणं बदलतो, की सगळ्यांची पावलं बदलतात. साखळी आत वळते, गुंडाळत जाते, पुन्हा उलगडते. या नाचाचा एक नियम कुणी तुम्हाला सांगणार नाही, पण पाळावा लागेल: तारप्याकडे पाठ करायची नाही. तारपकरी सरकेल तिकडे तोंड.

एक म्हातारी तुमच्या मनगटाला धरते. "ये, ये मधी," एवढंच म्हणते आणि दोन माणसांच्या मधे तुम्हाला घुसवून देते. दोन्ही बाजूंनी हात तुमच्या पाठीमागे येतात. आता तुम्ही बघणारे उरला नाहीत.

साखळीत तुमच्यापासून चौथा एक मुलगा आहे. सतराचा असेल, फार तर अठराचा. कमरेला लंगोटी, अंगावर दुसरं काही नाही. त्याच्या पलीकडे काही माणसं आणि मग ती, केसांत कुर्डूचं तुरेवालं फूल खोवलेली. तो तिच्याकडे बघत नाही. नियमाने बघायचं तारप्याकडे, आणि तो नियमाचा आधार घेऊन तिला टाळतो आहे. पण कुणी दमून पाणी प्यायला बाहेर पडलं की साखळी तुटते आणि पुन्हा जुळते, आणि दर वेळी तो एका माणसाने पुढे सरकलेला असतो. मध्यरात्र उलटते. आता मधे एकच बाई आहे, त्याची मावशी असावी, कारण ती हलायचं नाव घेत नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे चाललं आहे ते बघायला तुम्ही एवढ्या लांबून आलात. मग मावशी, त्याच्यावर उपकार केल्याच्या थाटात, तंबाखू मळायला बाहेर पडते. जागा मोकळी होते. त्याचा हात तिच्या कमरेमागून जातो. ती मान वळवत नाही. पुढच्या चाळ्याला मात्र तिचं पाऊल त्याच्या पावलाबरोबर पडतं, अर्धा ठोकासुद्धा मागे नाही.

जगभरच्या तरुणांच्या गाण्यांत जे काही मागितलेलं आहे, ते सगळं या एका जागाबदलात आहे.

पहाट होते. तारपा थांबल्यावर कानात एक पोकळी राहते. पोरं पांगतात, आणि तुम्ही त्या मुलाच्या मागोमाग चालत जाता. तो घरी जात नाही, मालकाच्या वाड्यावर जातो. आज वेठीचा दिवस आहे. मालकाने बोलावलं की जायचं, त्याची लाकडं फोडायची, शेत नांगरायचं, गवत कापायचं. मोबदला द्यायचा की नाही, ही मालकाची मर्जी. नाही म्हटलं तर मार.

वाड्याच्या मागच्या अंगणात एक जोडपं काम करतं आहे. हे लग्नगडी. नवऱ्याने लग्नासाठी मालकाकडून कर्ज घेतलं. दारू, जेवण, मुलीच्या बापाला द्यायचं देज, असा खर्च होता आणि कनवटीला काहीच नव्हतं. कर्जाच्या बदल्यात त्याने स्वतःला लिहून दिलं. तो मालकाचा, आणि त्याची बायकोही मालकाच्या कामाला बांधलेली. पैसे फिटत नाहीत, कारण हिशेब मालकाच्या वहीत आणि ती वाचणारा पाड्यावर कुणी नाही. नव्या नवरीवर मालकाची नजर गेली तर दाद मागायला जागा नाही. डी. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीचा अहवाल लिहिला. १९३९ साली तो छापून आला, आणि त्यात ही गुलामी नोंदलेली आहे. म्हणजे सरकारला माहीत होतं.

रात्रीच्या त्या मुलाने हे जोडपं रोज पाहिलेलं आहे. तिच्या कमरेमागे हात टाकताना त्याला पुढचं सगळं ठाऊक होतं. लग्न म्हणजे मालकाची वही, आणि वही म्हणजे जन्म. आदिवासींच्या नाचाकडे बघून "किती निरागस" असं म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे. निरागस खरंच, पण ते काही माहीत नसल्यामुळे नव्हे. सगळं माहीत असून, एका रात्रीपुरतं, त्याने फक्त शेजारची जागा मागितली. कमी मागणं हा त्याचा भाबडेपणा नव्हता. मालकाच्या वहीत चढवता येणार नाही अशी तेवढीच एक गोष्ट त्याच्यापाशी होती.

आता सहा-सात महिने पुढे या. १९४५, मे महिन्याची २३ तारीख, गाव झरी. ऊन असं आहे की डोळे उघडवत नाहीत. हजारो वारली जमले आहेत, बायकाही आहेत. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे या भागातून थोडे लोक गेले होते, माह्या धांगडा त्यांत होते. ते परत आले ते लाल बावटा घेऊन. आज इथे किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर आले आहेत. ठराव ऐका: वेठ करायची नाही. बारा आणे रोज मिळाल्याशिवाय मालकाच्या जमिनीवर काम करायचं नाही. आणि लग्नगडी मोकळे.

या सभेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते जमीन, मजुरी आणि लाल बावटा याबद्दल आहे. ते योग्यच आहे. पण तुम्ही कार्तिकातल्या त्या रात्रीकडून इथे आला आहात, म्हणून तुम्हाला तिसरा ठराव वेगळा ऐकू येईल. पुढच्या दिवसांत कार्यकर्ते गावोगाव, वाड्यांवर जातात आणि लग्नगड्यांना सांगतात, निघा. नवरा-बायको गाठोडं उचलून निघतात. ज्या तालुक्यात प्रेमाची किंमत गुलामी होती तिथे ती किंमत रद्द झाली. माझ्या मते डहाणू-तलासरीची सर्वांत मोठी प्रेमकथा ही आहे, आणि तिचा नायक कुणी एक नाही.

ती मोकळीक फुकटात मिळाली नाही. ऑक्टोबरात गवतकापणीचा संप सुरू झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी. स्टेशनाबाहेर पाहिलेल्या त्या गंज्या आठवा. दहा ऑक्टोबरला तलवाड्याला माणसं जमली, गोदावरीबाई येणार अशी खोटी बातमी कुणी पसरवली होती. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. त्यांतल्या जेठ्या गांगड यांचं नाव तलासरीत आजही घेतलं जातं. ही सगळी हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. १९७० साली ते आलं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लग्नगड्यांबद्दलची पानं वाचताना अजूनही हात थांबतो.

इथून एक लांबची उडी घ्या. अमेरिका, टेनेसी राज्य, मेम्फिस शहर, साल १९७२. एवढ्या लांब कशाला, असं वाटेल. तारप्याच्या साखळीत जे पाहिलं ते ओळखायला दुसरी एक जागा बघावी लागते, म्हणून.

आर्डेंट नावाच्या स्टुडिओत चार तरुण बसले आहेत. बँडचं नाव बिग स्टार. ज्या प्रकारचं संगीत ते करतात त्याला पॉवर पॉप म्हणतात. शब्द इंग्लंडच्या 'द हू'च्या पीट टाऊनशेंडने १९६७ साली वापरला होता. गिटारी जोरकस, ड्रम ठणठणीत, आणि त्यावर गोड, सरळ चाल. तीन मिनिटांत गाणं संपतं. विषय बहुधा एकच: एका पोराला एक पोरगी आवडते आणि तिला ते कळलेलं नाही, किंवा कळलं आहे आणि ती काही बोलत नाही. मुळं 'बीटल्स'मध्ये. त्यांचं 'आय वाँट टू होल्ड युअर हँड' १९६३ च्या नोव्हेंबरात निघालं आणि दोन-अडीच महिन्यांत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. गाणाऱ्याची मागणी काय, तर हात धरू दे. हे गाणाऱ्या पोरांनी त्याआधी हॅम्बुर्गच्या बदनाम वस्तीतल्या क्लबांत रात्र रात्र वाजवलं होतं. जगात काय काय असतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

स्टुडिओतल्या ॲलेक्स चिल्टनकडे बघा. पाच वर्षांपूर्वी, सोळाव्या वर्षी, 'बॉक्स टॉप्स' बँडसाठी त्याने 'द लेटर' गायलं होतं. आवाज असा घोगरा आणि पिकलेला लावला की ऐकणाऱ्याला वाटावं, चाळिशीचा माणूस गातो आहे. ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आता तो एकवीस वर्षांचा आहे. दौरे झाले, धंदा कळला, दुसऱ्यांच्या मर्जीने गाऊन झालं. आणि आता तो तो घोगरा आवाज बाजूला ठेवून, साध्या गिटारीवर, जवळजवळ कुजबुजत, 'थर्टीन' नावाचं गाणं गातो. तेरा वर्षांच्या मुलाचं गाणं. शाळेतून घरापर्यंत सोबत चालू का, एवढंच विचारणारं. सोळाव्या वर्षी म्हाताऱ्याचा आवाज, एकविसाव्या वर्षी तेराचा. म्हणजे निरागसपणा आधी असतो आणि मग हरवतो, असं नाही. सगळं पाहून झाल्यावर माणूस तो निवडूही शकतो, जाणूनबुजून.

हे गाणं ज्या रेकॉर्डवर होतं ती खपली नाही. समीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं, पण वितरण असं कोलमडलं की दुकानांत ती पोचलीच नाही. बँडमधला दुसरा गीतकार ख्रिस बेल १९७८ च्या डिसेंबरात मोटार-अपघातात गेला, सत्ताविसाव्या वर्षी. पुढच्या पिढीतल्या बँडांनी मात्र ती रेकॉर्ड शोधून शोधून ऐकली आणि तिच्यावर आपली गाणी उभी केली.

तलासरी आणि मेम्फिस यांची बरोबरी मी करत नाही. चिल्टनला कुणाच्या वाड्यावर लाकडं फोडायची नव्हती. सारखं आहे ते एवढंच की दोन्हीकडे आवाज प्रचंड आणि मागणी चिमूटभर. तारपा कोसभर ऐकू जातो, इलेक्ट्रिक गिटार भिंती हलवते, आणि एवढ्या आवाजाच्या आत लपून पोरगा म्हणतो, तुझ्या शेजारी उभा राहू का? 'थर्टीन'सारखं एखादं गाणं सोडलं तर हे कुजबुजत विचारण्याची त्याची हिंमत नसते. मोठ्या आवाजात ते विचारता येतं, कारण तेव्हा कुणालाच नीट ऐकू येत नाही. आणि दोन्ही संगीतांत चाल गोल फिरते. तीच वळणं पुन्हा येतात, म्हणून धीर धरता येतो. या फेरीत जमलं नाही तर पुढच्या फेरीत.

परत या. चैत्री पौर्णिमा, १९७४, महालक्ष्मीची जत्रा. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर चारोटीच्या पुढे, विवळवेढ्याला. मागे मुसळ्या डोंगराचा सुळका, तिथे देवीचा झेंडा चढवतात; हा मान वाघाडीच्या सातवी घराण्याचा. खाली पंधरा दिवस गर्दी. सुकी मासळी, बांगड्या, कांदे-लसूण, पाळणे, फुगे, आणि काठीला बांधलेल्या भोंग्यांतून एकमेकांवर आदळणारी सिनेमाची गाणी. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, तिकडून उंबरगाव, सगळीकडचे पाडे इथे उतरतात. पोरं-पोरी एकमेकांना बघतात, ते इथे.

भोंग्यावर 'बॉबी' चालू आहे, मग 'यादों की बारात'. दोन्ही सिनेमे गेल्या वर्षी आले. त्यांतल्या दुसऱ्यातली राहुल देव बर्मनची गिटार इथल्या धुळीत ऐकून बघा. मुंबईच्या स्टुडिओत बसून त्याने रॉक अँड रोलचा जोर हिंदी गाण्यात असा मुरवला की ज्याने आयुष्यात गिटार पाहिलेली नाही त्याच्याही खांद्याला हिसका बसावा. पश्चिमेचं ते संगीत डहाणूला पोचलं ते याच वाटेने, हिंदी सिनेमातून, बुधवारच्या बिनाका गीतमालेतून, हॉटेलातल्या रेडिओवरून. इंग्रजी शब्द कळायची गरजच पडली नाही.

एका तंबूत फोटोवाला आहे. मागे पडद्यावर ताजमहाल रंगवलेला, शेजारी एक खोटी मोटरसायकल. एक जोडपं आत जातं. तो नव्या शर्टात, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तिच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आताच भरलेल्या, काही अजून कागदात. फोटोवाला सांगतो, जवळ उभे राहा. ती दोघं हलत नाहीत. तो पुन्हा सांगतो. मग मुलगा सवयीने हात तिच्या कमरेमागे नेतो, तारप्याच्या साखळीत नेतात तसा, आणि दोघं एकदम सैल होतात. क्लिक. ताजमहालासमोर उभं राहणं त्यांना अवघड होतं, हे येत होतं.

याच सुमाराला डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा मशे चित्रं काढत आहेत. शेणाने सारवलेल्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाचं पांढरं. त्यांच्या चित्रांतून पुढे जगभर पोचला तो हा नाच: मधे तारपकरी, भोवती सर्पाकार साखळी. थोडं जवळून बघा. माणूस म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक. चेहरा नाही. कोण देखणं, कोण श्रीमंत, कोण कुणाचा नोकर, हे कळायला जागाच ठेवलेली नाही. हात मात्र प्रत्येकाचा शेजारच्याला लागलेला आहे. मशांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. भेटकार्डांवर, कपबशांवर, विमानतळांच्या भिंतींवर तो गोल आता इतका दिसतो की त्यात एक मुलगा एकेक जागा सरकत एका मुलीपर्यंत चालला आहे, हे विसरायला होतं.

शेवटचा मुक्काम आजचा. डहाणू रोडपर्यंत आता मुंबईची लोकल येते, २०१३ पासून. चिकूच्या वाड्या मागे टाकत पूर्वेला निघा, तलासरीला. तिथे गोदावरी शामराव परुळेकर यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. सुट्टी झाल्यावर बाहेर पडणारी पोरं-पोरी बघा. एकाच इयरफोनची एक गोळी त्याच्या कानात, एक तिच्या. त्या मुलीची पणजी कुणाच्या तरी वाड्यावर लग्नगडीण असू शकेल. तिने ते कदाचित ऐकलेलंही नसेल. नसलं तरी चालेल, त्याचसाठी माणसं तलवाड्याला उभी राहिली होती.

रात्री पाड्यावर लग्न आहे. आत भिंतीवर सवाशिणींनी चौक लिहिला आहे, चौकात पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाते आहे. बाहेर टेम्पोवर डीजे. त्यातून तारप्याची वळणं येतात, पण कीबोर्डवर वाजवलेली, खाली ढोलाचा यांत्रिक ठोका. पोरं कमरेमागे हात गुंफून गोल फिरतात, अगदी त्याच पावलांनी. नवरा-नवरीच्या कडेवर कदाचित त्यांचंच लेकरू असेल, कारण इथे आधी संसार मांडून मग ऐपत आली की लग्न लावायची रीत आहे, आणि कुणी त्याला नाक मुरडत नाही. ही रीत मला फार शहाणी वाटते. ज्या समाजाने लग्नाच्या कर्जापायी पिढ्या गमावल्या, त्याने प्रेम आणि खर्च यांची गाठ सोडून ठेवली.

डीजेवर राग काढणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांतला नाही. तरुणांना मोठा आवाज लागतो, तो त्यांचा हक्क आहे, आणि तारपाही त्याच्या काळातला मोठ्यात मोठा आवाजच होता. पण कीबोर्डवर एक गोष्ट येत नाही. तारपकरी जिवंत असतो. तो साखळीकडे बघत असतो. कुणाची जागा बदलली, कोण थकलं, कुठे दोघांना अजून एक फेरी हवी आहे, हे त्याला दिसतं आणि तो चाळा लांबवतो. कार्तिकातल्या त्या रात्री मावशी बाहेर पडल्यावर तारपकऱ्याने चाळा बदलला नव्हता, तुमच्या लक्षात आलं का? बराच वेळ तोच ठेवला होता. यंत्रातलं गाणं ठरल्या मिनिटाला संपतं.

म्हणून एक विनंती. डहाणू-तलासरीकडे फिरायला जाल, चिकू घ्याल, बोर्डीच्या किनाऱ्यावर बसाल. रिसॉर्टवर जेवणाआधी दहा मिनिटं नाच दाखवतात, तेवढ्यावर परतू नका. भाताच्या हंगामात, ओळख काढून, परवानगी घेऊन पाड्यावर जा. जुने तारपकरी अजून आहेत. त्यांनी होकार दिला तर मोबाइलवर तीस सेकंदांचा तुकडा नव्हे, अख्खा चाळा ध्वनिमुद्रित करा, सुरुवातीपासून थांबेपर्यंत. चाळ्याचं नाव विचारून घ्या. वाजवणाऱ्याचं नाव आणि गाव त्याच्याच तोंडून ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला बोलवून घ्या. त्याला बिदागी द्या, आणि एक प्रत त्याच्या नातवंडांच्या मोबाइलवर टाकून या.